दोषपत्रक, इयत्ता पाचवी

लिफ्ट तपासणाऱ्या माणसाने लिफ्टचं कौतुक करायचं नसतं. आमच्या कंपनीत नवा तपासनीस आला की पहिल्या दिवशी त्याला हेच शिकवतात. दिवा लागतो, आरसा लखलखीत आहे, दार लोण्यासारखं सरकतं, असलं काही अहवालात लिहायचं नाही. जे लिहिलेलं नाही ते ठीक आहे, असं समजायचं. लिहायचे ते फक्त दोष. गेली एकोणीस वर्षं मी असेच अहवाल लिहीत आलोय आणि मी तपासलेली एकही लिफ्ट आजवर मध्येच अडकलेली नाही. आमच्या इमारतीतली अडकते, पण ती माझ्या अखत्यारीत येत नाही, आणि हे मी इमारतीतल्या प्रत्येकाला निदान दोनदा सांगितलेलं आहे.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात माझी चूक फारशी नव्हती असं माझं अजूनही म्हणणं आहे. बायकोचं म्हणणं वेगळं आहे, पण तिला तांत्रिक बाजू कळत नाही.

तर कंपनीने मला तीन वर्षांसाठी परदेशी पाठवायचं ठरवलं. तिकिटं कंपनीची, घर कंपनीचं. "फक्त मुलीच्या शाळेचं तेवढं तुम्ही बघा," असं साहेब म्हणाले, आणि ते इतक्या सहज म्हणाले की मला वाटलं, एखाद्या रविवारी चहा पिता पिता उरकेल. मुलगी एकच, दहा वर्षांची, पाचवीतली. शाळा अशी कितीशी लागणार?

व्हिसाच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "मुलीच्या अर्जाला तिकडच्या शाळेचं प्रवेशपत्र जोडा." तिकडच्या शाळा म्हणाल्या, आधी व्हिसा दाखवा, आणि आत्ताच्या शाळेचा दाखलाही पाठवा. आत्ताच्या शाळेतले कारकून चष्म्यावरून बघत म्हणाले, "दाखल्यावर पुढच्या शाळेचं नाव टाकावं लागतं. नाव सांगा, दाखला न्या." मी तिघांनाही एकमेकांचे फोन नंबर देऊ केले. तिघांनीही घेतले नाहीत.

खिडकीतल्या बाईंनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. तोवर शाळेचं पत्र आलं नाही, तर आम्ही दोघांनी जायचं आणि मुलीने वर्षभर माझ्या थोरल्या बहिणीकडे राहायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे ताईने ठरवलं. ताई मनाने लोण्याहून मऊ आहे, पण तिच्या घरात भिंतीवर वेळापत्रक आहे आणि त्यात 'मोकळा वेळ' सव्वापाच ते साडेपाच असा लिहिलेला आहे.

"कपाटातला एक कप्पा रिकामा करून ठेवलाय तिच्यासाठी," ताई एकदा घरी येऊन सांगून गेली. "खालचा. म्हणजे हात पोचेल."

मुलगी तिथेच बसून पेन्सिलीला टोक करत होती.  मी चष्मा पुसायला घेतला. मला तो कप्पा मुळीच आवडला नव्हता, पण व्यवहार बघणाऱ्या माणसाने असं लगेच तोंडावर दाखवायचं नसतं.

शाळेची बातमी इमारतीत कशी पसरली ते माहीत नाही, पण दुसऱ्याच दिवशी तळमजल्यावरचे सर वर आले. सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी ते आमच्या घंटीवर बोट ठेवतात ते मधली सुट्टी संपल्यासारखं. त्यांच्या मागोमाग तिसऱ्या मजल्यावरचे काका आले. हे काका मुलाकडे परदेशी एकोणीस दिवस राहून आलेत, आणि तेव्हापासून त्यांचं प्रत्येक वाक्य 'तिकडे' या शब्दाने सुरू होतं. त्यांचा मुलगा राहतो तो देश वेगळा आणि आम्ही निघालो होतो तो वेगळा, पण काकांच्या लेखी 'तिकडे' सगळं एकच आहे.

"बाकं बघा," सर म्हणाले. "वर्गात बाकं सरळ रांगेत आहेत का? रांग वाकडी तर शिस्त वाकडी, शिस्त वाकडी तर अक्षर वाकडं."

"तिकडे बाकंच नसतात," काका म्हणाले. "तिकडे पोरं जमिनीवर लोळून शिकतात. आणि तिकडे पोराला नुसतं रागावलं तरी घरी पोलीस येतात."

"तुम्ही पाहिलंत?" सरांनी विचारलं.

"आमच्याकडे आलेच होते एकदा."

"कुणाला रागावला होतात?"

"कुणालाच नाही. ते पत्ता विचारायला आले होते. पण आले होते ना?"

 बायकोने दोघांना चहा दिला, आणि त्या दिवसापासून ते दोघं रोज संध्याकाळी शाळा निवडायला आमच्याकडे येऊ लागले.

शाळांनी आपापल्या इमारतीची फिल्म पाठवली होती. आम्ही सगळे लॅपटॉपसमोर बसून त्या बघायचो. पहिल्या शाळेत तळं होतं, झाडं होती, मुलं हसत होती. बायको म्हणाली, "हीच." पण कॅमेरा लिफ्टपाशी आला तेव्हा मी फिल्म थांबवली. लिफ्टचा उंबरा आणि मजल्याची फरशी यांच्यात दोन बोटांची फट होती.

"अहो, ती शाळेत शिकायला जाणार आहे की लिफ्टमधून खाली-वर करायला?" बायकोने विचारलं.

"शिकण्यासाठी आधी वर पोचावं लागतं," मी म्हणालो. हे वाक्य मला तेव्हा फार चांगलं सुचलं असं वाटलं होतं.

दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापिका लिफ्टशेजारी उभ्या राहून स्वागताचं भाषण करत होत्या. त्यांच्या खांद्यामागे लिफ्टचं प्रमाणपत्र टांगलेलं होतं. मी चित्र मोठं करून पाहिलं. मुदत संपून चार महिने झाले होते. मी त्यांना अतिशय सभ्य भाषेत तसं कळवलं. त्यांचं तासाभरात उत्तर आलं, की प्रवेश बंद झाले आहेत. तिसऱ्या शाळेची लिफ्ट निर्दोष होती, पण तिथे दोन वर्षांची प्रतीक्षायादी होती. चौथ्या शाळेत बाकं गोल मांडलेली होती, ती सरांनी बाद केली. पाचव्या शाळेत शिक्षक पॅन्टच्या खिशात हात घालून शिकवत होते, तीही सरांनीच बाद केली. असं करत करत मुदतीला दहा दिवस उरले, आणि हातात राहिली एकच शाळा. ती एकमजली होती. तिला लिफ्टच नव्हती.

खरं सांगायचं तर मी हतबल झालो. ज्या इमारतीला लिफ्ट नाही तिच्याविषयी माणसाने मत तरी कसं बनवायचं? पण ती एकच शाळा अशी होती, की जी व्हिसाशिवाय पत्र द्यायला तयार होती. दाखलाही मागाहून दिला तरी चालणार होता. त्यांना हवा होता फक्त एक अर्ज. त्यात नाव, जन्मतारीख वगैरे झाल्यावर दोन मोठे रकाने होते. पहिला: 'तुमच्या मुलीविषयी आम्हाला सांगा. जितकं मोकळेपणाने सांगाल तितकं चांगलं.' दुसरा: 'या स्थलांतराबद्दल मुलीला काय वाटतं?'

पहिला रकाना वाचून मला हुरूप आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला येणारी गोष्ट कुणीतरी विचारली होती. मी ऑफिसचा नेहमीचा छापील नमुना घेतला, 'लिफ्ट क्रमांक'च्या जागी मुलीचं नाव घातलं आणि लिहायला बसलो.

दोष एक: दारं उघडी टाकते. फ्रिजचं, कपाटाचं, घराचं. दोष दोन: एका वेळी दोन कामं सांगितली तर पहिलं विसरते. दोष तीन: खोटं बोलताना डाव्या पायाचा अंगठा हलतो. दोष चार: हरल्याचं मान्य करते, पण तीन दिवसांनी. दोष पाच: एकटी असली की गाते. गाणी वेगवेगळी, चाल एकच. दोष सहा: रडू आलं की पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाते, पाणी पीत नाही. असे एकूण तेवीस दोष भरले. इतकं बारकाईचं काम मी मोठ्या इस्पितळाच्या लिफ्टचंही केलं नसेल. लिहिताना मला मुलीचा फार अभिमान वाटत होता. तो मात्र मी कुठे लिहिला नाही, कारण तो दोष नव्हता.

आमच्या नमुन्याच्या तळाशी एक छापील ओळ असते: 'वरील दोष लक्षात घेता वापरास योग्य / अयोग्य. नको ते खोडावे.' ती ओळ माझ्याकडून तशीच राहिली. दुसऱ्या रकान्यात मी 'लागू नाही' असं लिहिलं, कारण आमच्याकडे रकाना रिकामा सोडायची पद्धत नाही.

इंग्रजी तपासून घ्यावं म्हणून सरांना दाखवलं. त्यांनी लाल पेन हातात धरून दोन्ही पानं वाचली. मग पेनाला टोपण लावलं.

"भाषेत एकही चूक नाही," ते म्हणाले. "मुलगी मात्र सगळी चुकलेली दिसते."

मला ती प्रशंसा वाटली. मी अर्ज पाठवून दिला, छापील प्रत जेवणाच्या टेबलावर फाइलखाली ठेवली आणि हात धुतले.

बायकोने ती प्रत दोन दिवसांनी वाचली. वाचून ती बराच वेळ नुसती उभी राहिली, आणि तिचं हे नुसतं उभं राहणं मी ओळखतो.

"झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात," ती म्हणाली. "तुम्ही मूठ उघडून एकेक बोट मोजून दाखवलंत. लोक अर्जात पोरं हुशार आहेत म्हणून लिहितात."

"जे लिहिलं नाही ते ठीक आहे, असं समजतात."

"कोण समजतं?"

"सगळं क्षेत्र समजतं."

"लिफ्टचं," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या आठवड्यात घरात एक बदल झाला, आणि तो माझ्या लक्षात आला याचा मला तेव्हा आनंदच वाटला. दारं बंद होऊ लागली. फ्रिजचं दार हलकेच लागायचं, कपाटं मिटलेली असायची, चपला एका रेषेत. दोन कामं सांगितली तर दोन्ही व्हायची. गाणंही थांबलं. मी बायकोला म्हणालो, "बघ, पोरगी मोठी झाली." बायको माझ्याकडे बघत राहिली. तिलाही तेव्हा नक्की काही कळलं नव्हतं, पण तिला ते आवडलं नव्हतं.

मुदतीला तीन दिवस उरले तेव्हा शाळेचा निरोप आला. त्यांना मुलीशी बोलायचं होतं, व्हिडिओवर, उद्या दुपारी चार वाजता. मुलीशी एकटीशी. आईवडिलांनी खोलीबाहेर थांबावं.

मग काय विचारता. काकांनी शाळेच्या बाई व्हायचं पत्करलं आणि सरावाची मुलाखत घेतली. "तिकडे पहिला प्रश्न हवामानावर असतो," म्हणून त्यांनी अर्धा तास हवामान विचारलं. सरांनी खुर्ची कशी सरकवायची ते शिकवलं. मुलगी सगळ्यांचं सगळं ऐकत होती. तिने एकदाही कुरकुर केली नाही, आणि हे तेवीस दोषांपैकी कशातच बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चारला पाच मिनिटं कमी असताना बायकोने मला दंडाला धरून घराबाहेर काढलं. "हॉलमध्ये थांबलात तर खाणाखुणा कराल," ती म्हणाली. आम्ही जिन्याच्या चौकात उभे राहिलो. सर आणि काका आधीच तिथे होते, सर घड्याळ बघत आणि काका आज शाळेच्या बाई नसून नुसते काका असल्यासारखे. आठ दिवस झाले, घरातलं एकही दार उघडं राहिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र आमचं दार चार बोटं उघडं राहिलं. मुलीने ते मुद्दाम ठेवलं होतं का, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही.

आत शाळेच्या बाईंचा आवाज आला. त्यांनी हवामान विचारलंच नाही. "तुझ्या बाबांनी तुझ्याबद्दल पुष्कळ लिहिलंय," त्या म्हणाल्या. "तू वाचलंस?"

"हो. टेबलावर होतं."



"मग? काय वाटलं?"

"सगळं बरोबर आहे. नववा सोडून." खुर्ची करकरली. "मी पण एक अहवाल केलाय. बाबांचा. वाचू?"

बाई वाच म्हणाल्या. कागदाचा आवाज झाला. मी आत जायला निघालो, तर बायकोने माझा शर्ट मागून धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

"दोष एक," मुलगी सावकाश, शब्द नीट लावत वाचू लागली. "कुठल्याही लिफ्टमध्ये शिरला की छताकडे बघतो. त्यामुळे ओळखीची माणसं दिसत नाहीत. दोष दोन. मला न्यायला उशीर झाला की पळत येतो आणि चालत आलो म्हणून सांगतो. दोष तीन. नाही म्हणता येत नाही. म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं रोज दोन दोन तास ऐकतो."

काकांनी एकदम जिन्याच्या कठड्यावरची धूळ झटकायला घेतली.

"दोष चार. माझी शाळा कुठली ते सगळ्यांना विचारतो. मला सोडून. दोष पाच. आत्याच्या कप्प्याचा विषय निघाला की चष्मा पुसतो. चष्मा स्वच्छच असतो."

चौकात कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. सरांनी घड्याळ हाताला घट्ट केलं. मी एकोणीस वर्षं लोकांच्या लिफ्टवर शेरे मारले, पण आपल्यावर शेरा कसा लागतो ते मला त्या दिवशी कळलं. तिचा एकही दोष खोडून काढण्यासारखा नव्हता.

मग बाईंनी आम्हाला आत बोलावलं. आम्ही चौघं आत गेलो. दोघांनाच बोलावलं होतं, पण दार उघडं होतं.

"तुमच्या अहवालावर आमची बैठक झाली," बाई म्हणाल्या. "शेवटच्या ओळीत 'योग्य' आणि 'अयोग्य' दोन्ही तसेच आहेत. आम्हाला वाटलं, ते आम्ही खोडायचं असतं. आम्ही असं कुणाचं खोडत नाही. म्हणून तिलाच बोलावलं. आणि हा दुसरा रकाना. मुलीला काय वाटतं, इथे तुम्ही 'लागू नाही' लिहिलंय."

 मी मुलीकडे वळलो. दोन महिन्यांत हा प्रश्न मी तिला पहिल्यांदाच विचारत होतो, आणि तो तीन माणसं आणि एक लॅपटॉप यांच्या देखत विचारत होतो.

"तुला काय वाटतं गं, जायचं म्हणजे?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून मी ठरवलं नव्हतं." मग ती खुर्ची नीट सरकवून उठली. "मी पाणी पिऊन येते."

दोष सहा. मीच लिहिलेला. मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेलो. ती भरलेला पेला हातात धरून ओट्यापाशी उभी होती. पाणी पीत नव्हती.

"तू शेवटची ओळ खोडलीच नाहीस," ती पेल्याकडे बघत म्हणाली.

"अगं, राहून गेलं ते."

"तूच म्हणतोस, राहून गेलं असं तपासनीस कधी म्हणत नाही." तिचा आवाज चिरकला. "मला वाटलं, तुझं अजून ठरत नाहीये. मला न्यायचं की आत्याकडे ठेवायचं. मी सगळी दारं बंद केली, बाबा. आठ दिवस. तरी तू खोडलं नाहीस."

 आमच्या धंद्यात दोष सापडला नाही म्हणून माणसं मरतात, हे मला माहीत होतं. दोषच दोष लिहून पुढे गप्प बसल्याने माणूस किती दिवस वाट बघत उभं राहतं, हे मला माहीत नव्हतं. मी तिला जवळ घेतलं. पेल्यातलं पाणी माझ्या शर्टावर सांडलं. मग हॉलमधून ती छापील प्रत आणली, खिशातलं पेन काढलं आणि 'अयोग्य' हा शब्द ओट्यावरच असा खोडला की कागद फाटला.

"इतकं जोरात नसतं खोडायचं," ती नाक पुसत म्हणाली.

"तुझ्या अहवालात काय लिहिलंयस शेवटी?"

तिने फ्रॉकच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. तळाशी ती ओळ हाताने लिहिलेली होती, आणि 'अयोग्य' पट्टी लावून सरळ रेषेत खोडलेलं होतं. त्याखाली लिहिलं होतं: 'पुढील तपासणी सहा महिन्यांनी.'

"मला भीती वाटते जायची," ती म्हणाली. "पण तुमच्याबरोबर वाटलेली चालेल."

आम्ही बाहेर आलो तेव्हा काका लॅपटॉपसमोरच्या खुर्चीत बसून शाळेच्या बाईंना समजावत होते, की तिकडे शाळा कशा असतात. बाई तिकडेच होत्या आणि मन लावून ऐकत होत्या. मी फाटलेला कागद कॅमेऱ्यासमोर धरला. दुसऱ्या रकान्यातलं 'लागू नाही' मुलीने स्वतः खोडलं आणि तिथे तीन ओळी लिहिल्या. त्या तिने मला दाखवल्या नाहीत आणि मी मागितल्या नाहीत.

पत्र दुसऱ्या दिवशी आलं, मुदतीला एक दिवस राखून. खिडकीतल्या बाईंनी त्यावर शिक्का मारला, कारकुनांनी दाखल्यावर शाळेचं नाव घातलं. ताईला कळवलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं." तो कप्पा तिने अजून रिकामाच ठेवलाय असं कळतं.

आता आम्ही इकडे येऊन स्थिरावलो आहोत. शाळेत बाकं गोल मांडलेली आहेत, हे सरांना कळवलेलं नाही. फ्रिजचं दार पुन्हा उघडं असतं, आणि बंद खोलीतून सगळी गाणी एकाच चालीत ऐकू येतात. मी त्यावर शेरा मारत नाही.

येत्या शनिवारी सहा महिने पूर्ण होतात. मुलीने कॅलेंडरवर पट्टीने चौकोन आखून ठेवलाय. तपासणीच्या आदल्या दिवशी लिफ्टचे मालक घाईघाईने रुळांना तेल घालताना दिसायचे, तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात हसायचो. सोमवारपासून मी चष्मा पुसलेला नाही.